माळकऱ्यांची पंगत

१

"मॅडम, रिपोर्ट आलाय. पण आजारी पडलीत ती माणसंच चुकीची आहेत."

सकाळी साडेआठला कुणी असं बोललं असतं, तर हेमा आठल्ये यांनी एरवी शांतपणे विचारलं असतं, 'म्हणजे बरोबर माणसं आजारी पडावीत अशी तुझी इच्छा होती का?' पण फोनवर डॉक्टर अभय होता. मेडिकल कॉलेजात त्यांनी त्याला जंतुशास्त्र आणि अन्नविषबाधेचा तपास शिकवला होता, आणि एवढ्या वर्षांत त्याचा आवाज असा बसलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. मंडईतून आणलेली भाजी ओट्यावर तशीच टाकून हेमाबाई खुर्चीत बसल्या.

"नीट सांग. पहिल्यापासून."

अभयनं सांगितलं ते असं. नऊ दिवसांपूर्वी, बुधवारी, धायरीत कामठ्यांच्या घरी आखाडाचं जेवण होतं. श्रावण लागायच्या आत मटणाचं एक जेवण घालायचं, ही तिकडची रीतच. चाळीस माणसं जेवली. तेहतीस जणांनी मटणाचा रस्सा आणि सुकं चिकन यावर हात मारला. उरलेले सात माळकरी, गळ्यात तुळशीची माळ घातलेले, मांसाला न शिवणारे. त्यांची पुरणपोळी, आमटी आणि कोशिंबीर घरच्या सरुबाईंनी वेगळ्या स्वयंपाकघरात, वेगळ्या भांड्यांत, स्वतःच्या हातानं केली होती. त्या स्वतः माळकरी.

तिसऱ्या दिवशी सातांपैकी सहा जण तापानं फणफणले. पोटात कळा, शौचातून रक्त. सरुबाईंचे थोरले भाऊ रंगनाथबुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यात मधुमेह. परवा ते गेले.

"आणि रिपोर्ट?"

"सगळ्यांचा एकच. कॅम्पायलोबॅक्टर."

हेमाबाईंना तो जुना ओळखीचा. कच्च्या कोंबडीत सर्रास सापडणारा जंतू. शिजवला की मरतो, पण कच्चा पोटात गेला तर थोडासाही पुरतो.

"आणि कोंबडी खाणारे?"

"ठणठणीत. एक मुलगी सोडली तर सगळे."

"अरे, काय बोलतोयस तू? ज्यांनी कोंबडी खाल्ली त्यांना काही नाही, आणि ज्यांनी जन्मात तोंडात घातली नाही ते आडवे?"

"मॅडम, त्याहून वाईट झालंय. माझ्या हातून चूक झाली. सरुबाईंच्या दिरापाशी मी बोलून गेलो, की हा कोंबडीच्या मांसातला जंतू आहे. त्यानं वॉर्डात जाऊन ते वहिनीला सांगितलं. म्हातारीनं तिथल्या तिथं गळ्यातली माळ काढून उशीखाली ठेवली. म्हणाली, मला कोंबडी चारली, सुनेनं चारली. आज संध्याकाळी पाचला तो दीर पोलिसांत चाललाय. सुनेनं मुद्दाम मांस मिसळून माणूस मारला, अशी तक्रार. तिला दीड वर्षाचं बाळ आहे हो."

"तिनं केलं असेल असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटेनासं झालंय. तुम्हीच एकदा येऊन तपासा," अभय म्हणाला.

२

कामठ्यांचं तीन मजली घर. शेत होतं तिथं आता पुढं पार्किंग आणि मागं फरसबंद अंगण. दारातच संभाजी उभा होता, सरुबाईंचा धाकटा दीर, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली.

"या मॅडम. डॉक्टरांनी फोन केला हुता. आमाला जास्त काय नको. जेवणात मांस हुतं, एवढं लेखी द्या."

"मी तपासते आणि मग लिहिते," हेमाबाई म्हणाल्या. "आधी लिहायचं आणि मग तपासायचं, ती पद्धत दुसऱ्या खात्यात असते."

संभाजी वरमला, पण हटला नाही. सुनेचं, म्हणजे शेफालीचं, आणि सासूचं जेवणाच्या आदल्या दिवशीच वाजलं होतं, हे त्यानं चपला काढायच्या आत सांगून टाकलं. सुनेनं पोरासाठी सासूच्या गॅसवर अंडं उकडलं. सरुबाईंनी पातेलं अंगणात फेकलं. सून म्हणाली होती, 'एक दिवस तुमचं सोवळं तुम्हालाच भोवेल.' साऱ्या आळीनं ऐकलं होतं. सरुबाईंचा मुलगा तेजस, म्हणजे शेफालीचा नवरा, सोफ्यावर मान खाली घालून बसला होता. बायकोच्या बाजूनंही नाही आणि आईच्याही नाही. अशी माणसं हेमाबाईंच्या डोक्यात जायची.

शेफाली वरच्या खोलीत होती. कडी लावलेली नव्हती, पण तीन दिवस तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. अठ्ठावीस-एकोणतीसची, सडसडीत. बाळ मांडीवर झोपलेलं.

"त्या दिवशी माळकऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेली होतीस?"

"नाही. आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हत्या."

"आमटी?"

"रटरट उकळत होती. बाहेरपर्यंत वास येत होता."

"कोशिंबीर?"

"काकडी, दही, दाण्याचं कूट. आईंनीच कालवली."

उत्तरं सरळ होती. हेमाबाईंना मुलगी आवडायला लागली होती. उकळती आमटी सुटली, गरम पोळी सुटली, राहिली ती कोशिंबीर. कच्च्या कोंबडीचं पाणी काकडीला लागलं असेल, आणि मटणाच्या पंगतीला कांदा-लिंबू होतं म्हणून ती वाचली असेल. त्यांना प्रकरण सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात शेफालीनं हळूच विचारलं,

"बाई, कॅम्पायलोबॅक्टरच निघाला ना?"

हेमाबाई उठता उठता पुन्हा खाली बसल्या. जंतूचं नाव लॅबला ठाऊक होतं, अभयला ठाऊक होतं आणि त्यांना. या घरात ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

३

"तुला कसं कळलं?"

"अंदाज." शेफालीनं नजर चुकवली आणि खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. "तुम्ही तपास नका करू, बाई. त्यांना जायचं तर जाऊ दे पोलिसांत. मी सांगेन काय ते."

"काय सांगणार आहेस?"

तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. विषाचं नाव आधीच ठाऊक असलेली आणि तपास नको म्हणणारी बाई. शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की हीच. जिना उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता आणि त्याहून जास्त त्यांना स्वतःचा राग येत होता, कारण ती पोर त्यांना अजूनही आवडत होती.

खाली आचारी साईनाथ येऊन बसला होता. आखाडाचं सगळं मांसाहारी जेवण त्याचं.

"चिकन नीट शिजलं होतं?"

"हाडाला मांस धरत नव्हतं, मॅडम. कुणालाबी विचारा."

"धुतलं कुठं?"

"मागं, बोअरच्या नळाला. लांब, कुंपणापाशी. सकाळी नवालाच धुऊन मोकळा झालो. माळकऱ्यांच्या वाऱ्यालाबी उभं केलं न्हाई. दगडाकडं तर गेलोच न्हाई."

"कुठल्या दगडाकडं?"

"कुठल्याच न्हाई," साईनाथ म्हणाला, आणि त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं कपाळ पुसलं.

हेमाबाईंनी ते मनात नोंदवलं आणि शेजारी धोंडिबाकडं गेल्या. सातवा माळकरी. सगळे आडवे झाले आणि हा एकटा उभा राहिला. त्यात कामठ्यांशी बांधावरून वीस वर्षांचं वैर. संभाजीचा दुसरा संशय याच्यावरच होता.

धोंडिबा कुणाच्या तरी दहाव्याच्या जेवणाला निघाला होता. शबनम पिशवीत नेहमीची पितळेची थाळी आणि तांब्या ठेवता ठेवता तो म्हणाला, "मला काय झालं न्हाई ह्योच माझा गुन्हा हाय व्हय?"

"त्या दिवशी काय काय खाल्लंत?"

"तीन पुरणपोळ्या. आमटी प्यालो. कोशिंबीर दोनदा मागून घेतली. सरूच्या हाताला चव हाय, वैर असलं म्हणून खोटं कशाला बोलू? भजन मात्र बिनमाईकचं झालं. सकाळधरनं लाईट न्हवती, अकरानंतर आली."

"दोनदा घेतलीत कोशिंबीर?"

"दोनदा. वाटीभर वाटीभर."

हेमाबाई रस्त्यावर आल्या आणि थांबल्या. दोन वाट्या कोशिंबीर खाऊन साठ वर्षांचा माणूस ठणठणीत राहत असेल, तर जंतू कोशिंबिरीत नव्हता. आमटीत नाही, पोळीत नाही, कोशिंबिरीतही नाही. मग सहा माणसांच्या पोटात तो गेला कशातून? घड्याळात सव्वाबारा झाले होते.

४

राहिली ती ओवी. संभाजीची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तेहतीस मांसाहारी माणसांत आजारी पडलेली ही एकटी. आता बरी होती, पांघरुणात बसून मोबाइल बघत होती.

"काकडी? यक्क. मी कोशिंबीर टचसुद्धा केली नाही, आज्जी. ओन्ली चिकन आणि भाकरी."

"आमटी? पोळी?"

"नो. गोड नको होतं, आय वॉज डाएटिंग."

हेमाबाईंचं डोकं भणभणलं. म्हणजे माळकऱ्यांच्या जेवणातलं हिनं काहीच खाल्लं नाही आणि तरी हिला तोच आजार. आणि धोंडिबानं सगळं खाल्लं आणि त्याला काहीच नाही. जेवणाचा आणि आजाराचा संबंधच लागत नव्हता. चाळीस वर्षं जंतूंमध्ये काढलेल्या बाईला आपल्याला काहीच येत नाही असं वाटावं, इतकं ते उलटंपालटं होतं.

"चिकन कच्चं होतं का गं? गुलाबीसर?"

"फोटो आहे ना. वेट." ओवीनं मोबाइल पुढं धरला. "एकशे ऐंशी लाइक्स."

हेमाबाईंनी चष्मा वर केला आणि फोटो मोठा केला. चिकन तपकिरी, मसाला हाडापर्यंत मुरलेला. "साईनाथ खरं बोलला," त्या पुटपुटल्या. "हे इतकं शिजलंय की कोंबडीला स्वतःला ओळखता आलं नसतं."

"छान आलाय ना पण? सगळ्यांना त्या कागदी प्लेट होत्या, सो बोअरिंग. मी मोठ्या सरुकाकूकडून एक पान मागून घेतलं. ग्रीन बॅकग्राउंड मिळालं."

"कसलं पान?"

"केळीचं. माळकऱ्यांना केळीच्या पानावर वाढतात ना. घरातल्या ताटांना कधीतरी मटण लागलेलं असतं, म्हणून."

हेमाबाईंनी पुन्हा फोटोकडं पाहिलं. मघाशी त्या नुसतं चिकन बघत होत्या. आता त्यांनी चिकनच्या खाली पाहिलं. हिरवंगार, ताजं धुतलेलं पान, आणि त्यावर पाण्याचे थेंब तसेच चमकत होते.

पानावर जेवले रंगनाथबुवा, सरुबाई आणि आणखी चौघं. पानावर जेवली ओवी. आणि धोंडिबा जेवला तो शबनममधून नेलेल्या स्वतःच्या पितळी थाळीत. जंतू जेवणात नव्हताच. तो जेवणाच्या खाली होता.

"आज्जी, काय झालं? तुम्ही अशा काय बघताय?"

"तुमच्या अंगणात दगड आहे का गं?" हेमाबाईंनी विचारलं, आणि त्यांचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.

५

दगड होता. मागच्या दाराशी, तुळशीच्या शेजारी, गुडघाभर उंचीचा, काळा, घासून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर छतावरच्या टाकीचा नळ. कुंपणापाशी, पन्नास पावलांवर, बोअरचा नळ.

हेमाबाईंनी साईनाथला तिथं बोलावलं.

"बोअर कशावर चालतो, साईनाथ?"

"मोटारीवर."

"आणि मोटार?"

साईनाथनं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"त्या दिवशी अकरापर्यंत लाईट नव्हती. नवाला तू बोअरच्या नळावर दहा किलो कोंबडी धुतलीस म्हणतोस. पाणी काय भजन ऐकून वर आलं?"

साईनाथ दगडापासून दोन पावलं मागं सरकला आणि एकदम रडायला लागला. एवढा आडदांड माणूस असा रडताना बघून हेमाबाई दचकल्या. "टाकीचंच पाणी हुतं, मॅडम. काय करणार? दगडावर घेतली कोंबडी आन् धुतली. आर्धी झाल्यावर अक्कांनी बघितलं. त्यांचा दगुड त्यो. त्याला मांस लागू देत न्हाईत कधी."

अक्का म्हणजे सरुबाई.

"मग?"

"मला हाकललं. उरलेली मी घमेल्यात घिऊन तिकडं कडंला केली. शेफालीवहिनी बादली घिऊन धावत आल्या, पांढऱ्या पावडरीचं पाणी, लई वास येत हुता त्याला. म्हणाल्या, आई, दगड ह्यानं घासू दे, पंधरा मिनिटं तसाच ठेवू दे. अक्का म्हणल्या, काल अंडं उकडलेला हात माझ्या दगडाला लावायचा न्हाई. त्यांनी सोताच चार तांबे पाणी ओतलं, गोमूत्र शिंपडलं, हात जोडलं. मग पंगतीच्या तोंडावर, दगुड आजून वलाच हुता, केळीची पानं आणून त्याच दगडावर पालथी मांडली आन् धुतली."

"आणि हे तू इतके दिवस पोटात ठेवलंस?"

"अक्कांनी शपथ घातली. दगुड बाटला हे रंगनाथबुवांना कळलं तर ते पानावरनं उठून जातील, भरल्या घरात शोभा हुईल, म्हणल्या."

हेमाबाई दगडाच्या काठाला टेकायला गेल्या आणि चटकन दूर झाल्या. कोंबडी धुतली की स्वच्छ होते, अशी घराघरांत समजूत. प्रत्यक्षात ती धुवायचीच नसते. जंतू शिजल्यावर मरतात, धुतल्यावर नुसते आजूबाजूला उडतात. चार तांबे पाण्यानं दगड ओला राहिला आणि ओलाव्यात ते जगले. धुतलेली ओली पानं अर्ध्या तासात पंगतीला मांडली गेली. वर आमटी गरम होती, पण कडेची कोशिंबीर, मीठ, लिंबू आणि ओवीची भाकरी गार. कागदी प्लेटा मात्र पाकिटातून काढल्या त्या कोरड्याच.

सगळं जागच्या जागी बसलं, पण त्यांना आनंद झाला नाही. शेफाली दारात उभी होती. बाळ कडेवर.

"तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकलीयस," हेमाबाई म्हणाल्या.

"वाघोलीच्या कॉलेजात. बीएस्सी."

"तिसऱ्या दिवशी ताप आला तेव्हाच तुला कळलं होतं."

"लगेच. ताप, रक्त, मधले दोन दिवस, आणि दगड मी डोळ्यांनी बघितलेला. दुसरं काय असणार?"

"मग बोलली का नाहीस? खुनी म्हणतायत तुला."

शेफालीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "रंगनाथमामांनी आईंना लहानाचं मोठं केलं, बाई. त्यांचे आईवडील एका वर्षात गेले होते. मामांच्या पुढ्यात पहिलं पान मांडलं ते आईंनी, स्वतःच्या हातानं धुतलेलं. मी कोंबडी चारली म्हणून त्या मला शिव्या देतायत, तेवढ्यावर जगतायत. भाऊ आपल्या हातानं गेला हे कळलं तर त्या उठणार नाहीत. तुम्ही सांगू नका. तुमच्या पाया पडते."

चाळीस वर्षांत हेमा आठल्ये यांनी एकही निष्कर्ष दडवला नव्हता. मंत्र्याच्या पाहुण्याच्या हॉटेलचासुद्धा नाही. आता त्या एका अंगणात अडकल्या होत्या. खरं सांगावं तर म्हातारी जाते, दडवावं तर ही पोर.

६

पाचला सगळे दिवाणखान्यात जमले. सरुबाईंना दुपारीच घरी आणलं होतं. अंगावर शाल, गळा मोकळा, चेहरा वाळलेला. हॉस्पिटलात त्यांनी सलाइन लावू दिलं, पण घरच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. संभाजी किल्ली हातात घेऊन उभाच होता.

"सरुबाई, आधी तुम्हाला सांगते," हेमाबाई म्हणाल्या. "तुमच्या पोटात मांस गेलेलं नाही. एक कणसुद्धा नाही. तुमच्यापैकी कुणाच्याच नाही."

मग त्यांनी ओवीचा फोटो दाखवला, धोंडिबाची थाळी सांगितली. लाईट नव्हती म्हणून साईनाथनं दगडावर कोंबडी धुतली, त्याचे जंतू पानांना लागले. साईनाथ भिंतीशी उभा राहून मान हलवत होता. ठरल्याप्रमाणे तो म्हणाला, "चूक माझी हाय."

इथं थांबायचं, असं हेमाबाईंनी ठरवलं होतं.

"म्हंजी हिचा काय संबंध न्हाई?" संभाजीनं शेफालीकडं बोट केलं.

"शून्य."

"आसं कसं? दगडावरची पानं कुणीतरी धुतलीच असतील की. धुणाऱ्याला दगुड घाण दिसला न्हाई? कुणी धुतली पानं?"

"तो प्रश्न महत्त्वाचा नाही," हेमाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या आणि ते त्यांना नीट बोलताही आलं नाही.

"मी धुतली," शेफाली म्हणाली.

संभाजीनं दाराकडं पाऊल टाकलं. "बघा. कबूल झाली. चला."

"थांब, संभा."

सरुबाई इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. आता त्या सुनेकडं बघत होत्या. "तुला म्या त्या दिवशी पानाला हात लावू दिला हुता का?"

"आई, तुम्हाला आठवत नसेल."

"मला समदं आठवतंय. दगुड म्या धुतला. गोमूत्र म्या शिंपडलं. पानं म्या मांडली. ही बादली घिऊन आली आन् म्या तिला हाकलली." त्या एकेक वाक्य थांबून थांबून बोलत होत्या, जणू स्वतःलाच ऐकवत होत्या. "रंगूदादाच्या म्होरं पयलं पान म्या ठेवलं. वरनं पुसलंबी न्हाई. म्हणलं, ओलं पान चांगलं."

सरुबाईंनी हेमाबाईंकडं मान वळवली.

"म्याडम, येक सांगा. हिच्या बादलीनं दगुड घासला असता, तर दादा वाचला असता का?"

हेमाबाईंनी शेफालीकडं पाहिलं. शेफालीनं अगदी जराशी मान हलवली, सांगू नका म्हणून.

"सांगता येत नाही, आई," शेफाली म्हणाली.

"नाही सांगता येत," हेमाबाई म्हणाल्या.

म्हातारीनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "दोघी शिकलेल्या बाया, आन् धड खोटं बोलता येत न्हाई तुमाला." मग तिचा चेहरा एकदम चुरगळला. आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलत राहिले. तेजस पुढं झाला, तर तिनं त्याला हातानं मागं सारलं. बऱ्याच वेळानं ती सुनेला म्हणाली, "तुला ठावं हुतं. पयल्या दिसापास्नं ठावं हुतं. आन् मी तुला काय काय बोलले."

"जाऊ द्या आई."

"कसं जाऊ द्या? तू पोलिसांत चालली हुतीस माझ्या पायी." सरुबाईंनी शाल बाजूला केली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला. "संभा, जायचं हुतं न्हवं तुला? गाडी काढ. नाव माझं लिव. भाऊ म्या मारला."

शेफालीनं बाळ तेजसच्या हातात दिलं आणि सासूला दोन्ही दंडांना धरून खाली बसवलं. मग ती आत गेली आणि वाटीभर तांदळाची पेज घेऊन आली. सासूच्या स्वयंपाकघरातून. तिला कुणी अडवलं नाही.

"आठ दिवस पोटात काही नाही तुमच्या. आधी दोन घोट घ्या."

"कुठल्या हातानं घिऊ गं?" सरुबाईंनी स्वतःचे दोन्ही तळवे पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. "ह्या?"

"नका घेऊ. मी भरवते."

पहिला चमचा ओठांवरून खाली सांडला. शेफालीनं पदरानं हनुवटी पुसली आणि दुसरा भरला. म्हातारीनं तो गिळला, आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडलं. हेमाबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि उगाच तो पुसत बसल्या. संभाजी गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता, आणि त्याला बस म्हणायचं कुणालाही सुचलं नाही.